पहिली पुडी कोण देतो?

२६ जून हा शाहू छत्रपतींचा जन्मदिवस. तोच दिवस संयुक्त राष्ट्रांनीं १९८७ सालीं अंमली पदार्थविरोधी दिन म्हणून ठरविला. त्या दिवशीं आमच्या शाळांतून काय होतें? फेरी निघते, पहिल्या बांकावरचा विद्यार्थी पाठ केलेलें भाषण म्हणून दाखवितो, पाहुणे टाळ्या वाजवितात. आणि शेवटच्या बांकावरचीं पोरें खिशांतली माव्याची पुडी चाचपीत शाळा सुटण्याची वाट पाहतात! हा सोहळा कोणासाठीं, हें आम्हांस कोणी सांगेल काय?

कायदे कमी आहेत म्हणावें, तर तसेंही नाहीं. २००३ च्या कायद्यानें अठरा वर्षांखालील मुलास तंबाखू विकण्यास आणि शाळेपासून १०० यार्डांच्या आंत ती विकण्यास बंदी आहे. दंड मात्र फार तर २०० रुपये! २०१२ सालीं महाराष्ट्रांत गुटख्यावर बंदी आली. कायदा हवाच, आणि तो टपरीवाल्यापाशीं न थांबतां माल पुरविणाऱ्या बड्या धेंडांपर्यंत पोंचला पाहिजे. परंतु शेतकरी-कामकरी बंधूंनो, मनाशीं विचारा : तुमच्या पोराला पहिली पुडी कोणी दिली? बहुधा टपरीवाल्यानें नव्हे, त्याच्या सोबत्यानें. 'घे रे, भितोस काय?' एवढ्या एका शब्दापुढें बापाचा मार आणि मास्तरांचा उपदेश फिका पडतो.

मग ज्या वाटेनें विष येतें, त्याच वाटेनें औषध कां धाडूं नये? हें आमचें कल्पनेचें बोलणें नव्हे. इंग्लंड व वेल्समधील ५९ शाळांत एक प्रयोग झाला. त्याचा वृत्तांत २००८ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांतील निम्म्या शाळांत बारा-तेरा वर्षांच्या मुलांनाच विचारलें कीं, तुम्ही कोणाचें ऐकतां? मुलांनीं ज्यांचीं नांवें घेतलीं, त्यांत मास्तरांना नकोशीं वाटणारीं पोरेंही होतीं. त्यांना दोन दिवस शाळेबाहेर नेऊन शिकविलें. पुढें दहा आठवडे त्यांनीं भाषण केलें नाहीं. सोबत्यांशीं गप्पा मारल्या. पुढील दोन वर्षांच्या पाहणींत त्या शाळांतून धूम्रपान इतर शाळांहून कमी आढळलें. परिणाम हळूहळू ओसरूं लागला हेंही खरें. म्हणजे हें काम दरसाल करावयाचें आहे. दिल्ली व चेन्नई येथील ३२ शाळांतही २००४ ते २००६ या काळांत असाच प्रयोग झाला. ज्या शाळांत मुलांनाच पुढें करून हें शिक्षण दिलें, तेथें तंबाखूकडे वळणारीं मुलें कमी निघालीं.

कोणी म्हणेल, वांड पोरांच्या हातीं असलें काम? होय, त्यांच्याच! ज्याच्या शब्दानें दहा बिघडतात, त्याच्याच शब्दानें दहा सांवरतात. त्याला 'वाया गेलेला' म्हणून वर्गाबाहेर काढाल, तर तो टपरीवर आपली शाळा उघडील. पुढारी वरून लादतां येत नाहीं, तो खालून निवडावा लागतो. बहुजन समाजाला हें निराळें सांगावयास नको.

म्हणून शाळा चालविणारांस आमचें सांगणें : येत्या २६ जूनला एक भाषण कमी करा. मुलांना चिठ्ठ्या द्या आणि त्यांचे पुढारी त्यांनाच निवडूं द्या. आणि वडील मंडळींनो, 'जा रे, दुकानांतून तंबाखू घेऊन ये' म्हणून पोराला धाडतां, तें आजच बंद करा. नाहीं तर पहिली पुडी सोबत्यानें दिली कीं तुम्हीं, हा प्रश्न तुमच्याच दारांत येऊन उभा राहील!