सील न फोडलेले क्रिकेट

जुन्या काँप्युटर गेमच्या सीडी जमवणाऱ्यांमध्ये सील न फोडलेल्या खोक्याला सर्वांत जास्त भाव असतो. मला हे मुळीच पटत नाही.

आपल्या ओळखीचाच गेम घ्या. ईए स्पोर्ट्सचा ‘क्रिकेट 07’ नोव्हेंबर 2006 मध्ये आला. खोक्यावर अँड्र्यू फ्लिंटॉफ, कॉमेंट्रीला रिची बेनॉ आणि मार्क निकोलस. त्रिमितीतले मैदान तेव्हा खरे वाटत असेल, आज त्यातले खेळाडू परेडला उशीर झालेल्या ज्युनिअरसारखे धावतात! पुढे कंपनीने ही मालिकाच थांबवली. तरीही गेम जिवंत राहिला, कारण हौशी मुलांनी त्यात नवे संघ, नवे पोशाख भरले. 2006 च्या गेममध्ये 2008 साली सुरू झालेली आयपीएल खेळता येते, ती त्यांच्यामुळे. सीलबंद खोक्यात यातले काहीच नाही.

बाबांचे पोस्टिंग वाराणसीला असल्याने सुट्टीत मी तिथे असतो. तिथल्या खोजवा, कश्मीरीगंज भागात लाकडी खेळणी बनतात. लेथवर फिरणाऱ्या लाकडाला लाखेची कांडी टेकवली की घर्षणाच्या उष्णतेने रंग वितळून चढतो. या खेळण्यांना भौगोलिक मानांकनही आहे. पाहुणे ती विकत घेतात आणि थेट शोकेसमध्ये ठेवतात. पण लाकडी भोवरा निदान पन्नास वर्षांनी काढला तरी फिरेल. सीडीचे तसे नाही.

त्या काळच्या अनेक गेमच्या सीडींवर ‘सेफडिस्क’ नावाचे कुलूप असे. 2015 साली आलेल्या विंडोज 10 मध्ये ते चालतच नाही. म्हणजे पैसे मोजून अस्सल सीडी घेणारा बाहेर, आणि कुलूप तोडलेली नक्कल वापरणारा मजेत खेळतोय! नकलेची बाजू मी घेणार नाही, चोरी ती चोरीच. पण कंपन्यांनी विकणे बंद केलेले गेम कुलूप काढून, हवे तर किंमत लावून, पुन्हा द्यावेत. पॉकेटमनी साठवून घेणारे आमच्या डॉर्ममध्येच दहा जण निघतील.

तोवर ज्याला संग्रह करायचा आहे त्याने खोक्यासोबत विंडोज एक्सपीचा एक चालू काँप्युटरही जपावा. आपल्या काँप्युटर लॅबच्या मागच्या खोलीत तसा एक आहे. तो भंगारात देऊ नये, अशी सरांना विनंती. (प्रेपच्या वेळात कोणी हात लावणार नाही, शब्द देतो.)