रस्त्याच्या कडेचा प्रेक्षक

जुलै महिन्यात टूर द फ्रान्सची शर्यत ज्या घाटातून जाणार असेल, त्या घाटात आदल्या रात्रीपासूनच माणसे मुक्कामाला येतात. कोणी मोटारगाडीत झोपतो, कोणी तंबू ठोकतो, कोणी पहाटे स्वतःच सायकल हाणीत वर येतो. शिदोऱ्या सुटतात, पत्ते रंगतात, डांबरावर आवडत्या सायकलपटूंची नावे पांढऱ्या रंगात लिहिली जातात. दुपारी जाहिरातदारांच्या गाड्यांचा ताफा टोप्या आणि खाऊची पाकिटे उधळीत जातो. त्यानंतर, ज्यांच्यासाठी हा सारा खटाटोप, ते सायकलपटू येतात आणि काही मिनिटांत वळणाआड होतात. सपाटीवर तर सारा जथा अर्ध्या मिनिटात नजरेआड होतो. एवढ्या दर्शनासाठी कोणी कोणाला एक छदामही दिलेला नसतो. जगातील फार थोड्या मोठ्या क्रीडास्पर्धांविषयी असे म्हणता येईल.

हीच गोष्ट आता काहींच्या डोळ्यांत खुपू लागली आहे. घाटांतील मोक्याच्या पट्ट्यांवर कुंपण घालून तिकीट लावावे, अशी सूचना २०२५ मध्ये फ्रेंच सायकलिंगच्या वर्तुळातूनच उघडपणे पुढे आली. ब्रिटनमध्ये आयटीव्हीवर विनामूल्य दिसणाऱ्या या शर्यतीच्या थेट प्रक्षेपणाचे हक्क २०२६ पासून पैसे मोजून पाहावयाच्या वाहिनीकडे गेले. या दोन गोष्टी वरकरणी किरकोळ वाटतील. सायकलच्या शर्यतीपेक्षा गंभीर प्रश्न जगापुढे पुष्कळ आहेत, असेही कोणी म्हणेल. तथापि सार्वजनिक रस्त्यावर घडणारी आणि लोकांनी शंभर वर्षे आपली मानलेली एक गोष्ट हळूहळू विक्रीस कशी काढली जाते, हे समजून घ्यावयाचे असेल तर या शर्यतीइतके बोलके उदाहरण दुसरे नाही.

या शर्यतीचा जन्म काही लोकोद्धाराच्या हेतूने झाला नव्हता, हे आधीच सांगून टाकले पाहिजे. ड्रेफस प्रकरणाने फ्रान्स दुभंगला असताना ‘ल वेलो’ या क्रीडापत्राच्या संपादकाने ड्रेफसची बाजू घेतली. ते न रुचलेल्या मोटार उद्योगपती द दिओं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९०० मध्ये प्रतिस्पर्धी पत्र काढले. पुढे ‘लोतो’ या नावाने ओळखल्या गेलेल्या त्या पत्राचा खप वाढावा म्हणून संपादक आंरी देग्रांज यांनी १९०३ मध्ये टूर द फ्रान्स सुरू केली. साठ स्पर्धक, सहा टप्पे, २,४२८ किलोमीटर अंतर आणि विजेता मोरीस गारें, जो लहानपणी धुराडी साफ करण्याचे काम करीत असे. पत्राचा खप वाढला, प्रतिस्पर्धी बुडाला. विजेत्याच्या अंगावर चढणारा पिवळा अंगरखाही त्या पत्राच्या पिवळ्या कागदाचीच आठवण आहे. जाहिरातींचा ताफा १९३० मध्ये आला. म्हणजे पैसा या शर्यतीत आज शिरलेला नाही. तो पहिल्या दिवसापासून तेथे आहे.

मग ही शर्यत लोकांची झाली कशी? याचे उत्तर शर्यतीच्या नियमपुस्तकात सापडणार नाही. १९३६ मध्ये पॉप्युलर फ्रंटच्या सरकारने फ्रान्समधील कामगारांना आठवड्याचे चाळीस तास आणि वर्षाला दोन आठवड्यांची भरपगारी रजा दिली. ज्यांनी समुद्र पाहिला नव्हता, डोंगर पाहिले नव्हते, असे गिरणीतील आणि खाणीतील लोक सायकलींवर सामान बांधून बाहेर पडले. जुलैचा रस्ता कामगाराला सुटीचा रस्ता म्हणून प्रथमच मिळाला. ज्या वाहनावर तो रोज कारखान्यात जात होता, त्याच वाहनावर त्याच्यासारखीच माणसे डोंगर ओलांडताना त्याला दिसत होती. आपलेपणाचे हे नाते कोणत्याही जाहिरातदाराला विकत घेता आले नसते.

या प्रेक्षकाने आपले नायकही आपल्या मर्जीने निवडले. १९१३ मध्ये तुरमाले घाटाच्या उतारावर एजेन क्रिस्तोफ याच्या सायकलचा पुढचा चिमटा मोडला. बाहेरची मदत घेण्यास नियमाची बंदी होती. मोडकी सायकल खांद्यावर टाकून तो मैलोगणती चालत खालच्या गावी आला आणि लोहाराच्या भट्टीवर स्वतःच्या हाताने चिमटा सांधून पुढे निघाला. त्यात कित्येक तास गेले. पंच शेजारी उभे राहून पाहत होते. भाता एका पोराने ओढला, एवढ्यावरून त्यांनी वेळेचा दंड ठोठावला! सहा वर्षांनी पिवळा अंगरखा प्रथम घालण्याचा मान क्रिस्तोफला मिळाला. शर्यत मात्र त्याने कधीच जिंकली नाही. त्या साली अंतिम विजय कोणाचा झाला हे आज अभ्यासकच सांगतील. भट्टीवरची ती हकिगत मात्र घराघरांत सांगितली जाते. पुढे लिमुझें प्रांतातील खंडकरी शेतकऱ्याचा मुलगा रेमों पुलिदोर याने आठ वेळा पहिल्या तिघांत स्थान मिळवले, पण पिवळा अंगरखा त्याच्या अंगावर एक दिवसही चढला नाही. त्याचा प्रतिस्पर्धी झाक आंकतील पाच वेळा जिंकला. लोकांचे प्रेम मात्र पुलिदोरच्याच वाट्याला अधिक आले. यशाच्या बाजारात न चालणारे हे नाणे रस्त्याच्या कडेला खणखणीत वाजते.

अनेक टप्प्यांची शर्यत अनुसरणे ही गोष्ट वाटते तितकी सोपी नाही. तीन आठवडे, एकवीस टप्पे, साडेतीन हजारांच्या आसपास किलोमीटर. रोजचा वेळ बेरजेत धरावयाचा आणि ज्याची बेरीज सर्वांत कमी, तो पुढे. त्यामुळे कोणताही एक दिवस सर्वस्व नसतो आणि कोणताही दिवस दुर्लक्ष करण्याजोगाही नसतो. आघाडीवर निसटलेल्या चौघांना जथा किती मिनिटे सोडतो, कोणत्या संघाने पाठलागाचा भार उचलला, वाऱ्याची दिशा कोठे बदलते, हे जाणकार चाहता पाहतो. मुख्य म्हणजे तो विजेत्याच्या पुढे वारा अंगावर घेत चालणाऱ्या सायकलपटूला पाहतो. फ्रेंच भाषेत त्याला ‘घरगडी’ या अर्थाचाच शब्द आहे. मागच्या गाडीपाशी जाऊन पाण्याच्या बाटल्या पाठीवर लादून आणणे, नायकाचे चाक बिघडले तर आपले चाक काढून देणे, घाटाच्या पायथ्यापर्यंत त्याला ओढून नेऊन मग एकट्याने मागे पडणे, हे त्याचे काम. एका माणसाच्या नावावर लागणारा विजय किती जणांच्या श्रमांतून उभा राहतो, हे इतक्या उघडपणे दाखविणारा दुसरा खेळ क्वचितच असेल.

या श्रमिकांनी आपला आवाजही उठविला आहे. १९२४ मध्ये आदल्या वर्षीचा विजेता आंरी पेलिसिए, त्याचा भाऊ फ्रांसीस आणि मोरीस व्हील यांनी अंगरख्यांच्या क्षुल्लक नियमावरून झालेल्या अपमानामुळे कुतांस या गावी शर्यत सोडली. त्याआधीच्या वर्षी कायेन्न येथील काळ्या पाण्याच्या कैद्यांची दैना वेशीवर टांगणारे पत्रकार आल्बेर लोंद्र यांच्यापुढे त्यांनी आपल्या पिशव्या रिकाम्या केल्या. डोळ्यांसाठी कोकेन, हिरड्यांसाठी क्लोरोफॉर्म आणि तऱ्हेतऱ्हेच्या गोळ्या त्यांतून निघाल्या. १९७८ मध्ये वालांस दाजां येथे, अर्ध्या-अर्ध्या टप्प्यांनी आणि लांबच्या प्रवासांनी झोप हिरावली गेल्याच्या निषेधार्थ, सर्व सायकलपटू उतरले आणि बेर्नार इनोला पुढे ठेवून त्यांनी अंतिम रेषा पायी ओलांडली. तासन्‌तास ताटकळलेल्या काही प्रेक्षकांनी त्या वेळी त्यांची हुर्यो उडवली. चाहत्याच्या प्रेमाची कसोटी अशाच प्रसंगी लागते. खेळणाऱ्याच्या हालांवर ज्याचे मनोरंजन पोसले जाते, त्याने संपाच्या दिवशी त्याच्याकडे पाठ फिरवावी, हे शोभणारे नाही.

अर्थात वर्गीय जाणीव कोणाच्याही अंगी कायमची वस्तीला येत नाही. त्याच इनोने १९८४ च्या पॅरिस-नीस शर्यतीत, ला सिओता येथील गोदी वाचविण्यासाठी रस्ता अडवून उभ्या असलेल्या कामगारांवर सायकल घातली आणि उतरून ठोसे लगावले. त्याआधी १९८२ मध्ये देनें येथील पोलाद कामगारांनी कारखाना बंद होण्याच्या विरोधात टूरचा एक संपूर्ण टप्पा रोखून धरला होता. तो रद्दच करावा लागला. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये स्पेनच्या वुएल्ता शर्यतीत इस्रायलचे नाव धारण करणाऱ्या संघाच्या सहभागाविरुद्ध, गाझातील संहाराचा निषेध करीत, लोक रस्त्यावर आले आणि माद्रिदमधील अखेरचा टप्पा अर्धवट सोडावा लागला. यांपैकी प्रत्येक प्रसंगाविषयी मतभेद असू शकतात. धावत्या सायकलींपुढे येणे धोक्याचे आहे, यात तर शंकाच नाही. परंतु बंदिस्त क्रीडांगणाच्या दारावर ज्याला अडविले गेले असते, तो माणूस येथे आपले म्हणणे जगापुढे मांडू शकला, याचे कारण एकच आहे. रस्ता सार्वजनिक होता.

तिकिटाच्या बाजूने जो युक्तिवाद केला जातो, त्यात तथ्याचा अंश आहे हे मान्य केले पाहिजे. सायकलिंगचे संघ पुरस्कर्त्यांच्या जिवावर जगतात. पुरस्कर्त्याने हात काढून घेतला की संघ बुडतो आणि सायकलपटू, यंत्र दुरुस्त करणारे, मालिश करणारे असे सारे बेकार होतात. पण या दुरवस्थेचे मूळ कशात आहे? टूरची मालकी आमोरी या खाजगी उद्योगसमूहाकडे आहे. प्रक्षेपणहक्कांतून येणाऱ्या उत्पन्नात संघांना वाटा नाही. ज्यांच्या घामावर हे उत्पन्न उभे राहते, त्यांना त्यातून वगळावयाचे आणि तूट भरून काढण्यासाठी रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या माणसाचा खिसा चाचपावयाचा, हा कोठला न्याय? शिवाय तो रस्ता बांधला कोणी? त्याची डागडुजी, बंदोबस्त आणि साफसफाई यांत जनतेचा पैसा आहे. शर्यतीचा आरंभ किंवा शेवट आपल्या गावी व्हावा म्हणून नगरपालिका आयोजकांना शुल्क देतात, तेही सार्वजनिक तिजोरीतूनच. तिकीट लावणे म्हणजे लोकांनी एकदा दिलेले मोल त्यांच्याकडून पुन्हा वसूल करणे होय. फ्रान्समध्ये २००४ च्या शासकीय आदेशाने पुरुषांच्या टूरचे प्रक्षेपण विनामूल्य वाहिनीवर राखून ठेवलेले आहे. पडद्यावरच्या प्रेक्षकाला जे संरक्षण मिळाले, ते घाटातील प्रेक्षकालाही मिळावयास हवे.

हक्क मागणाऱ्याने आपली जबाबदारीही ओळखली पाहिजे. २०२१ मध्ये पहिल्याच टप्प्यात दूरदर्शनच्या कॅमेऱ्याकडे फलक धरून रस्त्यात आलेल्या एका प्रेक्षकामुळे सायकलपटूंचा मोठा ढीग कोसळला. घाटात धूर सोडणारे, अंगावर धावून जाणारे आणि थुंकणारेही असतात. असे प्रकार कुंपणवाल्यांच्या हाती आयतेच कोलीत देतात. त्याहून खोल अपराध वेगाच्या भुकेचा आहे. १९६७ मध्ये टॉम सिम्पसन मों व्हांतूच्या चढावर कोसळून मरण पावला. उष्मा आणि थकवा यांच्या जोडीला त्याच्या शरीरात उत्तेजके सापडली. १९९८ चे फेस्तिना प्रकरण आणि २०१२ मध्ये लान्स आर्मस्ट्राँगकडून काढून घेतलेली सात विजेतेपदे यांनी तर अंधश्रद्ध टाळ्यांची किंमत दाखवून दिली. माणसाकडून यंत्राची अपेक्षा करणारा प्रेक्षक या पापात भागीदार असतो.

आणि टाळ्यांची विभागणीही न्याय्य झालेली नाही. १९८४ मध्ये स्त्रियांची टूर सुरू झाली. मरियान मार्टिन पहिली विजेती ठरली. काही वर्षांतच ती बंद पडली. २०२२ मध्ये नव्या स्वरूपात ती पुन्हा सुरू झाली, तेव्हा आनमीक फान फ्ल्यूटन हिला विजयाबद्दल ५०,००० युरो मिळाले. पुरुष विजेत्याला त्याच वर्षी पाच लाख. २०२५ मध्ये पोलीन फेराँ-प्रेव्हो जिंकली तेव्हा रस्त्याच्या दोन्ही कडा माणसांनी फुलून गेल्या होत्या. ‘स्त्रियांची शर्यत पाहावयास कोण येणार?’ या जुन्या प्रश्नाला विनातिकीट जमलेल्या गर्दीने परस्पर उत्तर दिले. दारावर तिकीट असते, तर ते इतक्या लवकर मिळाले असते का?

महाराष्ट्रालाही हा विषय परका राहिलेला नाही. मुंबई-पुणे सायकल शर्यत पाहण्यासाठी बोरघाटात उभी राहणारी माणसे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. २०२६ च्या जानेवारीत पुणे जिल्ह्यात आंतरराष्ट्रीय महासंघाच्या दिनदर्शिकेवरील अनेक टप्प्यांची शर्यतही झाली. एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून ओळखल्या गेलेल्या पुण्यात आज कामावर सायकलने जाणाऱ्याला जीव मुठीत धरून चालावे लागते. पाहुण्यांच्या चार दिवसांसाठी रस्ता गुळगुळीत होऊ शकतो, तर रोजच्या कष्टकऱ्यासाठी का नाही, हा प्रश्न शर्यत संपल्यावरही विचारीत राहिले पाहिजे.

घाटातल्या वळणावर उभा असलेला माणूस ग्राहक नसतो. तो त्या रस्त्याचा नागरिक असतो आणि समोरून जाणाऱ्या श्रमाचा साक्षीदार असतो. त्याला ग्राहक करण्याचे प्रयत्न यापुढे वाढत जाणार, हे दिसतेच आहे. सायकलपटूला त्याच्या घामाचे मोल मिळावे आणि रस्ता सर्वांना मोकळा राहावा, या दोन मागण्या परस्परविरोधी नाहीत; त्या एकाच मागणीच्या दोन बाजू आहेत. चाहत्यांनी आणि सायकलपटूंनी त्या एकत्र मांडल्या, तरच कुंपणाचे खांब रोवले जाणार नाहीत.