सावकाराआधी समाज पोहोचावा

आर्थिक मंदीची वार्ता वृत्तपत्रांत निर्देशांकांच्या आकड्यांनी येते. घरात मात्र ती निराळ्या वाटेने शिरते. प्रथम वाणसामान उधारीवर येऊ लागते, मग मुलांच्या शाळेचे शुल्क थकते, पुढे गृहिणीचे दागिने सोनेतारणाला जातात आणि अखेरीस घराच्या कर्जाचा हप्ता चुकतो. या प्रत्येक टप्प्यावर मध्यमवर्गीय कुटुंब एक दक्षता कटाक्षाने घेते. कोणाला काही कळू द्यायचे नाही! चार लोकांत अब्रू जाण्याच्या भीतीपोटी सख्खा भाऊ आणि शेजारीही अंधारात राहतात. परिणामी कुटुंबाची अडचण सर्वांत आधी कळते ती सावकाराला आणि सर्वांत शेवटी समाजाला. हा क्रम उलटा करणे, हेच मंदीच्या काळातले खरे समाजकार्य आहे.

श्रीरामपूर परिसराला हा विषय नवा नाही. १९२६मध्ये भंडारदरा धरण पूर्ण झाले, प्रवरेच्या कालव्यांनी माळराने भिजली आणि बेलापूर रोड स्थानकाभोवती व्यापारपेठ उभी राहिली. १९२९च्या जागतिक मंदीने गुळाचे भाव कोसळले, तेव्हा ज्या बागायतदाराने कर्ज काढून ऊस लावला होता, तोच प्रथम बुडाला. पाणी आले, पण पत आली नव्हती. जवळच्या लोणी गावात विठ्ठलराव विखे पाटील यांनी १९२३मध्येच सहकारी पतपेढी काढली होती. गरजेच्या वेळी शेतकऱ्याला सावकाराच्या ओट्यावर बसावे लागू नये, हा तिचा साधा हेतू. त्याच विश्वासाच्या पायावर, अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या साहाय्याने, १९५०मध्ये प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला. संकटाच्या काळात परस्परविश्वास हेच भांडवल ठरते, याचा हा आपल्या दारचा पुरावा आहे.

या इतिहासाला दुसरी बाजूही आहे. हरेगाव आणि टिळकनगर येथील खाजगी साखर कारखान्यांनी शेतकऱ्यांच्या जमिनी खंडाने घेतल्या. १९६१च्या कमाल जमीनधारणा कायद्यानंतर त्या शासनाकडे गेल्या आणि १९६३मध्ये राज्य शेती महामंडळ अस्तित्वात आले. पुढे हे दोन्ही कारखाने बंद पडले. खंडकरी शेतकऱ्यांनी जमिनींसाठी दीर्घ लढा दिला. पण ज्या कामगारांनी मळ्यांवर पिढ्यान्‌पिढ्या घाम गाळला, त्यांच्या छपराचा प्रश्न मागेच राहिला. मोडकळीस आलेल्या चाळीत राहणाऱ्या या कुटुंबांची मागणी होती ती घरापुरत्या दोन गुंठे जागेची. प्रधानमंत्री आवास योजनेतून ग्रामीण भागात घरकुलासाठी १ लाख २० हजार रुपयांचे अनुदान मिळते; परंतु पायाखालची जमीनच नावावर नसेल, तर घर बांधायचे कोठे? भूमिहीनांना जागा घेण्यासाठी राज्याची पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाची अर्थसहाय्य योजना आहे. अंत्योदयाचा विचार मांडणाऱ्याचे नाव योजनेला देणे सोपे आहे. शेवटच्या माणसाचे नाव सातबाऱ्यावर चढविणे अवघड आहे. शासनाची आणि आपलीही परीक्षा तेथेच आहे.

मध्यमवर्गाची कोंडी वेगळी आहे. त्याला घर आहे, पण ते गहाण आहे. २०२०मध्ये महासाथीच्या काळात रिझर्व्ह बँकेने सहा महिने हप्ते स्थगित करण्याची मुभा दिली. अनेकांनी ती माफी समजली. हप्ता थांबला होता, व्याज थांबले नव्हते! अशा गैरसमजांची किंमत जबर असते. सरफेसी कायद्याखाली बँकेची नोटीस आली, म्हणजे दुसऱ्या दिवशी घराला कुलूप लागत नाही. कर्जदाराला ६० दिवसांची मुदत असते. त्याने लेखी आक्षेप घेतल्यास बँकेला १५ दिवसांत उत्तर द्यावे लागते. ताब्याच्या कारवाईविरुद्ध ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात दाद मागता येते. तथापि भीतीने नोटीस कपाटात ठेवली, तर या साऱ्या मुदती निमूट संपतात. पतसंस्थेच्या १०१ कलमाखालील वसुली दाखल्याचेही तसेच. सुनावणीला जो हजर राहतो, त्याचेच म्हणणे नोंदले जाते.

त्याऐवजी लोक खाजगी सावकार गाठतात आणि कोऱ्या धनादेशावर किंवा खरेदीखतावर सही करून मोकळे होतात. २०१४च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्यानुसार परवान्याविना सावकारी हा गुन्हा आहे आणि सावकारीतून बळकावलेली स्थावर मिळकत परत देण्याचा अधिकार जिल्हा उपनिबंधकांना आहे. तालुका विधी सेवा समितीकडून पात्र व्यक्तींना विनामूल्य वकील मिळतो. स्त्रियांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. हे दरवाजे उघडे आहेत. तेथवर जाणाऱ्याला सोबत नसते.

ठेवीदारांनीही सावध व्हावे. १९१०मध्ये स्थापन झालेल्या नगर अर्बन सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२३मध्ये रद्द केला. शंभरी ओलांडलेली संस्थाही ढासळू शकते. बँकेतील ठेवींना पाच लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण असते. पतसंस्थेतील ठेवींना ते नसते. टक्का-दोन टक्के अधिक व्याजासाठी आयुष्याची पुंजी एकाच ठिकाणी ठेवणाऱ्या निवृत्ताला हे आपल्यापैकी कोणी तरी सांगितले पाहिजे.

येथेच कार्यकर्त्यांचे काम सुरू होते. प्रत्येक वस्तीत एखादा निवृत्त बँक अधिकारी, वकील किंवा कर सल्लागार असतोच. त्याने आठवड्यातून एक संध्याकाळ द्यावी. नोटीस वाचून दाखवावी, अर्ज लिहून द्यावा, हप्त्यांची फेररचना मागण्यासाठी बँकेत सोबत जावे. मदतीचे छायाचित्र नको, नावांची यादी नको. ऐकलेले पोटात ठेवता येणे ही या सेवेची पहिली पात्रता आहे. भावनेच्या भरात जामीन राहून दुसरे घर धोक्यात घालणे ही मात्र मदत नव्हे. आणि अडचणीतल्या कुटुंबांना आमचे आग्रहाचे सांगणे आहे: पहिला हप्ता चुकताच बोला. कर्ज ही आपत्ती आहे, पाप नव्हे. जो समाज आपल्या माणसाला हे निर्भयपणे बोलू देतो, तोच संघटित म्हणविण्यास पात्र ठरतो.