एकोणिसाव्या एपिसोडमधला नाच

‘डेमन स्लेअर’च्या पहिल्या सीझनचा १९वा एपिसोड कितीदा बघितलायत? ऑगस्ट २०१९मध्ये तो आला आणि युफोटेबल स्टुडिओच्या अॅनिमेशनवर सगळं जग फिदा झालं. पण ते व्हिज्युअल्स जरा बाजूला ठेवा आणि सांगा, तिथे कामाला काय येतं?

रुईच्या धाग्यांपुढे तंजिरोची तलवार मोडते. गुरूकडे घोटलेली पाण्याची तंत्रं कमी पडतात. मरण समोर दिसताना त्याला आठवतो बाबांचा नाच. कोळसा विकणाऱ्या घरातला तो आजारी माणूस अग्निदेवासाठी बर्फात रात्रभर नाचायचा. तोच नाच तलवारीत उतरतो.

आता आपल्याकडे या. बोरिवली, मुलुंड, घाटकोपरमधल्या कितीतरी घरांची मुळं कोकणात आहेत. गणपतीत गावी जाखडी, शिमग्यात नमन-खेळे. पायात चाळ बांधून घामाघूम होईस्तोवर नाचणारे ते म्हातारबाबा कदाचित तुमचेच आजोबा असतील. आपण काय करतो? पंधरा सेकंदांची स्टोरी टाकतो आणि रेंज शोधत फिरतो. तंजिरोचे सगळे फॉर्म्स तोंडपाठ, पण जाखडीतला एक तरी फेर येतो का?

अॅनिमे बघू नका, असं अजिबात म्हणत नाहीये. बघाच. पण तंजिरोला ऐन वेळी नाच आठवला, कारण लहानपणी त्याने तो डोळे भरून बघितला होता. जे बघितलंच नाही, ते आठवणार कुठून?

यंदा गावी गेलात की मोबाइल खिशात ठेवा आणि आजोबांसोबत फेरात शिरा. पाय चुकले तर चुकू देत.