हुकूम नव्हे, परवानगी

मायक्रोव्हिलस इन्क्लुजन डिसीज हा आतड्यांचा दुर्मीळ आनुवंशिक आजार. जन्मानंतर काही दिवसांतच बाळाला पाण्यासारखे जुलाब लागतात, दूध अंगी लागत नाही. शिरेतून पोषण किंवा आतड्याचं प्रत्यारोपण, एवढाच आधार. २००८ मध्ये त्यामागचं ‘मायो-५-बी’ जनुक सापडलं. आईवडील दोघांकडे त्याची सदोष प्रत असेल, तर प्रत्येक गरोदरपणात २५ टक्के धोका. नात्यातल्या लग्नात अशी गाठ पडण्याची शक्यता वाढते.

आपल्याकडे चुलत-मामे भावंडांत निकाह होतात. (मामाची मुलगी करण्याची रीत महाराष्ट्रात हिंदूंमध्येही आहे.) शरियतने परवानगी दिली आहे, हुकूम नव्हे. घरात असं बाळ गेलं की ‘अल्लाहची मर्जी’ म्हणतात आणि बोल मात्र सुनेला लावतात! सदोष प्रत मुलाकडूनही आलेली असते. दोघांची जनुकीय तपासणी करा. बिघाड कळला, तर पुढच्या वेळी गर्भाचीही तपासणी करता येते.