सरासरीत जव्हार कुठे?

भाताची पैसेवारी आपण गाववार काढतो. शेजारच्या गावात पीक आलं म्हणून आपलं बुडालेलं भात काही वर येत नाही. मग विकासाची पैसेवारी जिल्ह्याच्या सरासरीवर का?

राज्याच्या २०१२ च्या मानव विकास अहवालात ठाणे जिल्हा ०.८०० निर्देशांकासह मुंबई-पुण्यामागोमाग तिसरा होता. जव्हार-मोखाडा तेव्हा त्याच जिल्ह्यात. १९९२-९३ मध्ये जव्हारच्या वावर-वांगणीत पोरं कुपोषणाने दगावली, तीही ठाणे जिल्ह्याचीच. ठाणे-कल्याणच्या पगारांखाली इकडची भूक झाकून गेली.

१ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा झाला. पण झाकण बदललं, एवढंच. बोईसर-तारापूरच्या कारखान्यांतलं उत्पादन जिल्हा उत्पन्नात इथलंच धरतात. नफा कुठे जातो, ते त्या हिशेबात येत नाही. नागली-वरई काढून वीटभट्टीवर जाणारं कुटुंब मात्र दरडोई आकड्यात त्याचं वाटेकरी ठरतं. कागदावर!

शासनाने निर्देशांक तालुकावार काढावा, ठरावीक वर्षांनी आणि त्याच मापाने. २०१४ पूर्वीचे आकडेही आजच्या हद्दीप्रमाणे लावून घ्यावेत. साक्षरतेचे तालुकावार आकडे जनगणनेत आहेतच, सुरुवात तिथून करता येईल.