वाट पाहणारा
परवा मळवलीत मुसळधार पाऊस आला आणि वीज गेली. माझा लॅपटॉप बॅटरीवर चालू राहिला. पण आमच्या फायली ज्या दुसऱ्या संगणकावर असतात, तो बंद पडला. दहा मिनिटांनी वीज आली, तेव्हा लेख अर्धाच उरला होता!

चिरंजीव म्हणाले, “बाबा, दुवा जोडणाऱ्या एनएफएसला तुम्ही ‘सॉफ्ट’ ठेवलंत. तो ठरावीक वेळा विचारून हात झटकतो. ‘हार्ड’ ठेवा, उत्तर येईपर्यंत विचारतच राहील.” लिनक्सवर पहिली वाट सहसा ६० सेकंदांची असते.

तोवर काम खोळंबते, हे खरे. पण लोकल उशिरा आली म्हणून मळवलीच्या फलाटावर गाठोडे टाकून कोणी घरी परततो का?